लागले कसे, हे कुणालाच ठाऊक नाही!

वृद्धाश्रमात ठेवलेल्या आईच्या दंडावर काळानिळा डाग दिसतो. केव्हा लागले, कसे लागले, कुणालाच सांगता येत नाही. मुलगा मनातल्या मनात चरफडतो, व्यवस्थापक ‘या वयात लागतंच’ म्हणून मोकळे होतात. अशा दुखापतीची त्याच दिवशी नोंद करण्याची आणि ती कळवण्याची सक्ती आपल्याकडे का नाही? मीरा-भाईंदरसारख्या, आता म्हातारपणाकडे झुकू लागलेल्या शहराने हा प्रश्न आजच विचारायला हवा.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ दर रविवारी सकाळी स्टीलचा डबा घेऊन निघतात. डब्यात आईच्या आवडीचे काही ना काही असते. कधी अळूचे फदफदे, कधी मऊ भात आणि मेतकूट. आईने ऐंशी ओलांडली आहे. विस्मरणाचा आजार जडला आहे. घरात नवराबायको दोघेही नोकरीसाठी चर्चगेटची लोकल पकडणारे. एकदा आईने गॅस तसाच चालू ठेवला, एकदा ती दार उघडून स्टेशनापर्यंत चालत गेली. दिवसभर सांभाळायला ठेवलेल्या बाया चार महिन्यांत तीनदा बदलल्या. शेवटी बरीच चौकशी करून, दोघांनी रात्र-रात्र जागून विचार करून, आईला एका वृद्धाश्रमात ठेवले. ‘ठेवले’ हा शब्द उच्चारताना आजही त्यांचा आवाज खाली जातो.

मध्यंतरी एका रविवारी डबा उघडला तेव्हा आईने डावा हात पुढे केला नाही. उजव्याच हाताने चाचपडत चमचा धरला. मुलाने बाही वर सारून पाहिली, तर दंडाच्या मागच्या बाजूला तळहाताएवढा काळसर-जांभळा डाग.

‘‘मावशी, हे कधी झालं?’’

‘‘मी आजच ड्युटीवर आले, दादा. मला काय ठाऊक!’’

रात्रपाळीची बाई गावी गेली होती. व्यवस्थापक सौम्यपणे म्हणाले, ‘‘अहो, या वयात लागतंच. पलंगाला आपटलं असेल.’’ नोंदवही मागितली तर वही होती. तिच्यात आठवडाभराच्या सगळ्या ओळी एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने भरलेल्या होत्या. ‘जेवण घेतले. औषध दिले. झोप शांत.’

संध्याकाळी एक्स-रे निघाला. खांद्याजवळच्या हाडाला तडा गेला होता. डॉक्टर म्हणाले, ‘‘हे आजचं नाही. सूज पाहता चार-पाच दिवस तरी झाले असावेत.’’ म्हणजे चार-पाच दिवस तो हात धरून तिला उठवले, बसवले, आंघोळ घातली, कपडे बदलले. ती ओरडली असेल, तर ते ‘आजी हल्ली फार आरडाओरडा करतात’ या सदरात गेले असेल.

त्या हाडाला नेमके काय झाले, हे आजही कुणाला ठाऊक नाही. कुणी रागाने हात ओढला असेल. न्हाणीघरात पाय घसरून पडल्यावर ती आपली आपणच उठली असेल. चादर बदलताना काखेत हात घालून चुकीच्या पद्धतीने उचलले गेले असेल. यातले पहिले खरे असेल तर तो गुन्हा, दुसरे खरे असेल तर अपघात आणि तिसरे खरे असेल तर शिक्षणाचा अभाव. तिन्हींवरचे उपाय निरनिराळे आहेत. पण पहिल्या दिवशी कुणी काही लिहिले नाही, कुणाला काही कळवले नाही. त्यामुळे तिन्ही शक्यता कायमच्या एकमेकींत मिसळून गेल्या.

शहर वाढले, माणसे थकली

ही एका घराची गोष्ट असती तर रविवारच्या सकाळी वाचकांना सांगण्याचे कारण नव्हते. पण मीरा-भाईंदरकडे जरा नीट पाहा. मिठागरे, खाडी, उत्तन-चौकची कोळीवस्ती आणि भातशेती एवढीच ओळख असलेल्या या टापूत १९८५ साली नगरपालिका आली आणि २००२ साली महानगरपालिका. २००१च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ५ लाख २० हजारांच्या घरात होती; २०११मध्ये ती ८ लाखांवर गेली. गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतून आणि पार्ल्या-अंधेरीच्या भाड्याच्या खोल्यांतून निघालेली मध्यमवर्गीय कुटुंबे ऐंशी-नव्वदच्या दशकांत इथे आली. आयुष्याची पुंजी घालून त्यांनी शांतीनगरसारख्या वसाहतींत एक-दोन खोल्यांचे ब्लॉक घेतले. तेव्हा पस्तिशी-चाळिशीत असलेली ती पिढी आता सत्तर-पंच्याहत्तरीत आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला, नाही तर परदेशी. जी जवळ आहेत, त्यांचे चार-चार तास लोकलमध्ये जातात.

गरज निर्माण झाली की सोय निर्माण होते. समाजसेवेच्या भावनेतून चाललेले आश्रम आहेत, तसे तळमजल्यावरचे दोन ब्लॉक जोडून दहा-बारा खाटा टाकलेली ‘केअर सेंटर’ही या सगळ्या उपनगरी पट्ट्यात दिसू लागली आहेत. पूर्वी वृद्धाश्रमात जाणारी माणसे हिंडती-फिरती असत. सकाळी फुले तोडत, संध्याकाळी भजन म्हणत. आता जी येतात त्यांतली अनेक अंथरुणाला खिळलेली, पक्षाघाताने एक बाजू गेलेली किंवा स्मृती हरवलेली असतात. देशभरच्या एका मोठ्या पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या माणसांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, इतके आहे. त्यांना सांभाळणे हे केवळ जेवणखाणाचे काम नाही, ती शुश्रूषा आहे. परदेशात अशा जागेला ‘नर्सिंग होम’ म्हणतात. आपल्याकडे मात्र नर्सिंग होम म्हटले की बाळंतपणाचे किंवा शस्त्रक्रियेचे छोटे रुग्णालय डोळ्यांपुढे येते आणि त्यासाठी १९४९ पासून नोंदणीचा कायदा आहे. शुश्रूषा तीच, पण दारावर ‘वृद्धाश्रम’ अशी पाटी लागली की ती या कायद्याच्या चौकटीबाहेर राहू शकते.

लागतेच, पण कुठे?

‘या वयात लागतंच’ हे वाक्य खोटे नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. वयाबरोबर कातडी कागदासारखी पातळ होते. हातांच्या पाठीवर आणि कोपराखाली साध्या धक्क्यानेही जांभळे डाग उमटतात. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर असे डाग जास्त पडतात. हाडे ठिसूळ झालेली असतात. त्यामुळे प्रत्येक डाग म्हणजे मारहाण, असे मानणे सेवा करणाऱ्यांवर घोर अन्याय होईल.

पण ‘लागतंच’ म्हणून सोडून देण्याइतके हे प्रकरण अंधारातही नाही. अमेरिकेत डॉ. लॉरा मोस्केडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे शंभर वृद्ध माणसांच्या अंगावरच्या अपघाती डागांचा दिवसागणिक अभ्यास केला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ नव्वद टक्के डाग हातापायांवर होते. मान, कान, नितंब, गुप्तांग किंवा तळपाय यांवर एकही नव्हता. आणखी एक गैरसमज या अभ्यासाने दूर केला. डाग पिवळा पडला म्हणजे तो जुना, असे आपण सर्रास म्हणतो. पण काही डाग पहिल्या चोवीस तासांतच पिवळसर दिसले. रंगावरून दिवस मोजता येत नाहीत. म्हणजेच डाग प्रथम कधी दिसला, याची लेखी नोंद हाच एकमेव भरवशाचा पुरावा.

याच गटाने पुढे २००९ साली ज्यांना खरोखर मारहाण झाली होती अशा वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंगावरचे डाग मोठे होते. निम्म्याहून अधिक जणांच्या अंगावर दोन इंचांचा किंवा त्याहून मोठा डाग होता. चेहरा, दंडाची बाहेरची बाजू आणि पाठ या जागा अधिक होत्या. यात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकांना हे कसे झाले ते सांगता आले. अपघाती डागांचे बहुधा कारणच आठवत नाही; मारलेले मात्र माणूस विसरत नाही. आपण मात्र आजींना सोडून बाकी सगळ्यांना विचारतो. ‘‘त्यांना काय कळतंय!’’ हे तर खाटेशेजारी उभे राहूनच बोलले जाते.

वेळेचे महत्त्व केवळ चौकशीपुरते नाही, ते जिवाशी निगडित आहे. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी, असे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. उशीर होईल तसा न्यूमोनिया, अंथरुणातल्या जखमा आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढतो. डोक्याला लागलेला मार तर फसवा असतो. कवटीच्या आत सावकाश रक्त साचत जाते आणि दोन-तीन आठवड्यांनी माणूस गुंगीत जातो किंवा बरळू लागतो. त्या वेळी कुणाला आठवावे, की महिन्याच्या सुरुवातीला आजोबांच्या कपाळाला टेंगूळ आले होते? वहीत नोंद असेल तरच ते आठवते, आणि वेळेवर सीटी स्कॅन होतो.

दोन तास, चोवीस तास

जगात इतरत्र यावर काय केले आहे? अमेरिकेत नर्सिंग होममधल्या हालअपेष्टांवर बराच गदारोळ झाल्यानंतर १९८७ साली कायदा झाला. पुढे २०१६च्या नियमांनी वेळेच्या मर्यादा अगदी स्पष्ट केल्या. छळाचा आरोप असेल किंवा शरीराला गंभीर इजा झाली असेल, तर दोन तासांच्या आत कळवायचे. एरवी चोवीस तासांच्या आत. कळवायचे ते आश्रमाच्या प्रमुखाला आणि राज्याच्या देखरेख यंत्रणेलाही. आश्रमाने केलेल्या चौकशीचा निष्कर्ष पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा.

या नियमात एक शब्दप्रयोग आहे, तो आपण उचलण्याजोगा आहे: ‘उगम अज्ञात असलेली दुखापत’. तिच्या दोन कसोट्या आहेत. एक, ती होताना कुणी पाहिलेली नाही आणि त्या व्यक्तीलाही ती कशी झाली हे सांगता येत नाही. दोन, तिचे स्वरूप संशय यावा असे आहे. म्हणजे ती फार मोठी आहे, सहसा लागत नाही अशा जागी आहे, एकाच वेळी अनेक आहेत किंवा पुनःपुन्हा होत आहेत. या दोन्ही गोष्टी जुळल्या की कळवलेच पाहिजे. कोण दोषी हे आधी ठरवायची गरज नाही. ‘आम्हाला कारण ठाऊक नाही’ हेच कळवण्याचे कारण!

आपल्याकडे नेमके उलटे घडते. कारण ठाऊक नाही, म्हणून कळवायचे काय, असा प्रश्न विचारला जातो.

अर्थात नियम केला म्हणजे सगळे आलबेल होते, असे नाही. अमेरिकेच्याच आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१७ साली जाहीर केले की, नर्सिंग होममधून रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आणलेल्या आणि छळाचा किंवा हेळसांडीचा संशय असलेल्या १३४ घटनांपैकी २८ टक्के घटना पोलिसांना कळवल्याचा पुरावाच रुग्णालयाच्या कागदपत्रांत नव्हता. म्हणजे तिथेही झाकपाक होतेच. फरक एवढाच की तिथे ती मोजता येते, कारण मुदत ठरलेली आहे. ऑस्ट्रेलियानेही वृद्धांच्या सेवेवर नेमलेल्या राजआयोगानंतर २०२१ पासून गंभीर घटना चोवीस तासांत कळवण्याची योजना सुरू केली.

कायद्यांच्या जाळ्यातले भोक

आपल्याकडे कायदे कमी नाहीत. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात एखाद्या कामगाराला इजा झाली आणि तो अठ्ठेचाळीस तास कामावर येऊ शकला नाही, तर त्याची खबर सरकारी निरीक्षकाला द्यावी, अशी तरतूद १९४८च्या कारखाना कायद्यानेच करून ठेवली. लहान मुलाच्या लैंगिक छळाची नुसती शंका आली तरी ती कळवणे २०१२च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने ती दडवली तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे रुग्णाला साखळदंड घालता येत नाही आणि आवर घालण्यासाठी काही काळ बांधून ठेवावे लागले, तर त्याची कारणांसह नोंद करून चोवीस तासांत त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवावे लागते.

कामगार झाले, मूल झाले, मनोरुग्ण झाला. म्हातारा माणूस?

त्याच्यासाठी आहे २००७चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा. मुलांनी पोटगी द्यावी यासाठी त्याने न्यायाधिकरण दिले. आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड ठेवला. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान दीडशे जणांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम काढण्याची तरतूद केली. महाराष्ट्राचे नियम २०१० साली झाले. पोलीस ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची यादी ठेवावी, त्यांना अधूनमधून भेटावे, हे नियमांनी सांगितले. पण भर राहिला तो एकट्या राहणाऱ्यांवर. वृद्धाश्रमातला माणूस एकटा नाही, म्हणून तो या नजरेतून निसटतो. एखाद्या खासगी आश्रमात कुणाला दुखापत झाली तर ती अमुक वेळेत तमुक अधिकाऱ्याला कळवावी, असे कलम या कायद्यात शोधून सापडत नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात म्हाताऱ्यांचा शत्रू म्हणून मुलगाच उभा होता. आश्रमाच्या भिंतीआड काय होऊ शकते, तिथवर त्यांची नजर गेलीच नाही.

ही उणीव केंद्राच्याही ध्यानात आली होती. डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले गेले. खासगी आश्रमांना आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांना नोंदणी, किमान दर्जाचे निकष आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक जबाबदार अधिकारी, अशा तरतुदी त्यात होत्या. विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीने अहवाल दिला आणि २०२४ साली लोकसभेची मुदत संपली तेव्हा विधेयकही विरून गेले. त्याआधी डिसेंबर २०१८मध्ये डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला सांगावे लागले होते की, प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रम किती आहेत याची माहिती राज्यांकडून गोळा करा. जिथे आश्रमच मोजलेले नाहीत, तिथे आश्रमातल्या दुखापती कोण मोजणार?

याचा परिणाम काय होतो, ते जून २०२५मध्ये दिसले. नोएडाच्या सेक्टर ५५मधील एका वृद्धाश्रमातली चित्रफीत बाहेर आली. तिच्यात एका वृद्धेचे हात बांधलेले दिसत होते. उत्तर प्रदेशच्या महिला आयोगाने पोलिसांना घेऊन छापा घातला आणि कोंडलेल्या, काही बांधलेल्या अशा ३९ वृद्धांची सुटका झाली. चित्रफीत बाहेर आली नसती तर? ज्या देशात खबर देण्याची रीत नाही, तिथे खबर अशी मोबाइलवरून, योगायोगाने बाहेर येते; तीही सगळे होऊन गेल्यावर.

याउलट एक उदाहरण आपल्याच ठाणे जिल्ह्यातले आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये खडवलीच्या मातोश्री वृद्धाश्रमात कोरोनाची लागण झाली. सर्वांची तपासणी झाली, साठांहून अधिक जण बाधित निघाले, त्यांना ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात हलवले गेले. कुणी आश्रमाला दोष देत बसले नाही, कुणी लपवालपवी केली नाही. कारण साथ आली की कळवायचे, कुणाला कळवायचे आणि पुढे काय होते, हे तोवर सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. साथीच्या बाबतीत जी शिस्त आपण शिकलो, ती मोडलेल्या हाडाच्या बाबतीत का शिकू नये?

सगळे गप्प का?

गप्प बसण्याची प्रत्येकाची कारणे आहेत आणि ती समजून घेतल्याशिवाय उपाय सापडायचा नाही.

घरचे गप्प बसतात, कारण त्यांना पर्याय नसतो. तक्रार केली तर ‘मग घेऊन जा तुमच्या आईला’ हे वाक्य ऐकावे लागेल, ही धास्ती असते. त्याहून खोल असते ती अपराधाची बोच. आपणच आईला इथे आणून सोडले, आता कोणत्या तोंडाने भांडायचे? आणि सात दिवस ती त्यांच्याच हातात असणार. राग तिच्यावर निघाला तर?

चालक गप्प बसतात, कारण नावाची भीती. एकदा पोलिसांची गाडी दारात उभी राहिली, की नवे कुणी येत नाही. शेजारची सोसायटी आधीच नाके मुरडत असते. चांगले चालक तर अधिकच घाबरतात. आयुष्यभर केलेली सेवा एका डागापायी धुळीला मिळेल, असे त्यांना वाटते.

मावशी गप्प बसतात, कारण पहिला बळी त्यांचाच जातो. बारा-बारा तासांची पाळी, रात्री पंधरा-वीस खाटांना एक बाई, उचलायचे कसे याचे शिक्षण नाही, पगार बेताचा, नोकरीचा भरवसा नाही. ‘आजी माझ्या हातून पडल्या’ असे खरे सांगितले तर उद्यापासून काम बंद. मग ती खरे का सांगेल?

आणि डॉक्टर? संशयास्पद जखम दिसली की ‘मेडिको-लीगल केस’ म्हणून नोंद करून पोलिसांना कळवायची पद्धत प्रत्येक रुग्णालयात आहे. पण आश्रमाचा माणूस पेशंटला घेऊन येतो, ‘बाथरूममध्ये पडल्या’ म्हणतो, आणि केसपेपरवर तेच उतरते. वृद्धेला एकटीला, आश्रमाच्या माणसाला बाहेर बसवून, ‘आजी, काय झालं?’ असे किती ठिकाणी विचारले जाते? वास्तविक हाड मोडणे ही फौजदारी कायद्याच्या व्याख्येत ‘गंभीर दुखापत’ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती व्याख्या कायम आहे. ती दुखापत कुणी केली की आपोआप झाली, हे ठरवण्यासाठी तरी कुणीतरी प्रश्न विचारला पाहिजे.

या सगळ्यांच्या गप्प बसण्याला एकच गोष्ट छेद देऊ शकते, ती म्हणजे सक्तीची, ठरलेल्या मुदतीची खबर. कळवणे ऐच्छिक असेल, तर कळवणारा गुन्हा कबूल करतो आहे असे दिसते. प्रत्येक आश्रमाला प्रत्येक वेळी कळवावेच लागले, तर कळवण्यातला कलंक जातो. जो आश्रम वर्षभरात एकही दुखापत कळवत नाही, उलट त्याच्याकडेच लोक संशयाने पाहू लागतील. प्रामाणिक चालकांना आणि निर्दोष मावशींना यासारखे दुसरे संरक्षण नाही; आमच्या शेजाऱ्यांच्या प्रकरणात गावी गेलेल्या त्या बाईवर सगळे खापर फुटले, आणि ती निर्दोष असेल तर ते सिद्ध करण्याचा कोणताच मार्ग तिच्याकडे उरला नाही.

एक वही, एक फोन

केंद्राचा कायदा होईल तेव्हा होवो. तोवर शहराने हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरारसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. काशीमिऱ्यापासून उत्तनपर्यंतच्या प्रत्येक ठाण्याने आपल्या हद्दीतल्या वृद्धाश्रमांची आणि केअर सेंटरची यादी केली, तर ते काम काही आठवड्यांचे आहे. महापालिकेच्या आरोग्य विभागाने एक साधा नमुना ठरवून द्यावा: दुखापत कधी दिसली, कुणी पाहिली, शरीराच्या कुठल्या भागावर, केवढी, त्या पाळीला कोण होते, ती व्यक्ती स्वतः काय म्हणते आणि कुणाला किती वाजता कळवले. मानवी आकृतीचे चित्र छापून त्यावर खूण करायची सोय ठेवली, तर कमी शिकलेल्या मावशींनाही ते भरता येईल. पालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांनी आश्रमातून आलेल्या प्रत्येक अस्थिभंगाच्या वेळी रुग्णाशी स्वतंत्र बोलण्याचा शिरस्ता पाडावा. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही.

आणि आपण, घरची माणसे? आपल्या हाती पुष्कळ आहे. आईवडिलांना कुठेही दाखल करताना जेवण, देवघर, बाग पाहतो, तसेच विचारावे: रात्री किती खाटांना किती माणसे? पडले-लागले तर किती वेळात फोन कराल? हे उत्तर करारात लिहून घ्यावे. भेटीची वेळ दर वेळी तीच ठेवू नये. कधी बुधवारी संध्याकाळीही जावे. डोक्याला तेल लावताना, पायाला मालिश करताना अंग सहज पाहून घ्यावे. आईला आपल्या हातांचा स्पर्शही मिळतो आणि डाग असेल तर दिसतोही. दिसला तर त्याच क्षणी तारखेसह फोटो काढावा, व्यवस्थापकांना लेखी कळवावे आणि त्याच दिवशी बाहेरच्या डॉक्टरांना दाखवावे. भांडण नंतर करता येईल; डॉक्टरांना दाखवणे लांबवू नये. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. प्रसंग तातडीचा असेल तर ११२ आहेच. व्यक्ती अपंग असेल, तर २०१६च्या अपंग हक्क कायद्यानुसार छळाची माहिती कुणीही, अगदी शेजाऱ्यानेही, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देता येते.

सगळ्यांत आधी मात्र आईला विचारावे. तिला विस्मरण झाले असेल, ती आपले नाव चुकवील, कालचा वार चुकवील. तरीही विचारावे, एकटीला, हात हातात घेऊन. आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे.

आमच्या शेजाऱ्यांनी आईला त्या आश्रमातून हलवले नाही. दुसरी जागा मिळेना, आणि मिळाली असती तरी ती याहून बरी कशावरून? त्यांनी फक्त एक केले. दोनशे पानी वही नेऊन आईच्या उशाशी ठेवली आणि व्यवस्थापकांना हात जोडून सांगितले, की रोज तिच्या अंगावर काही दिसले तर ते आणि नाही दिसले तर ‘काही नाही’ असे यात लिहा, खाली ज्याने पाहिले त्याची सही. पहिले दोन आठवडे वही कोरीच राहिली. मग दिवसपाळीच्या मावशींनी लिहायला सुरुवात केली. परवा त्यांनी ती वही मला दाखवली. वळणदार नसलेल्या अक्षरात एक ओळ होती: ‘उजव्या पायाला खरचटले, खाटेच्या खिळ्याने. मी पाहिले. दादांना फोन केला. खिळा ठोकला.’

एवढीशी जखम. पण कशाने झाली, कुणी पाहिले, कुणाला कळवले आणि पुढे काय केले, सगळे तिच्यात आले. एक मावशी हे चार वाक्यांत करू शकते. मग इतक्या मोठ्या शहराला आणि राज्याला ते का जमू नये?